घरच्यांचा टॅब्लेट

मी एका मुलीचं गाणं तिच्या आजारी वडिलांपर्यंत पोचू दिलं नाही. चुकून नव्हे, स्वतःच्या बोटाने आवाज खाली ओढून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कामावरच्या जोडीदाराला नाही, आणि त्या मुलीला तर नाहीच. ती मला अजून काका म्हणते.

मेलबर्नमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट युनियनमध्ये मी साउंड बघतो. युनियन म्हणजे विद्यार्थ्यांची इमारत. वर क्लबांच्या खोल्या, खाली खाण्याचे स्टॉल, मधे बार आणि बारच्या टोकाला गुडघ्याएवढं उंच स्टेज. पुण्याहून इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात भर दुपारी चिप्स खायला तिथे शिरलो आणि तिथलाच झालो. सांडलेल्या बिअरने कार्पेट इतकं चिकट की बूट उचलताना चर्र आवाज यायचा. स्टेजवर चौघांचा बँड. ड्रम वाजवणारी मुलगी अनवाणी. निम्मे लोक ऐकत होते, निम्मे गप्पा मारत होते, एकाने गायकाला चिप फेकून मारली, त्याने ती झेलून खाल्ली आणि पुढची ओळ म्हटली. मी लहानपणी गाणं ऐकलं होतं ते सतरंजीवर मांडी घालून, शेजारचा खोकला तरी त्याच्याकडे वळून बघायचं, अशा वातावरणात. इथे गाणं म्हणजे चौघांनी मिळून घातलेला दंगा होता. मला वाटलं, आपण यासाठीच आलोय.

वायरी गुंडाळायचं काम मिळालं. मग डेस्कवर बसायला मिळालं. डेस्क म्हणजे मिक्सर, ज्यावर प्रत्येक माइकची वर-खाली सरकणारी पट्टी असते. फेडर. मास्टर्स रडतखडत संपवलं आणि नोकरी शोधलीच नाही. घरी सांगितलं, युनिव्हर्सिटीत टेक्निकलला आहे. खोटं नव्हतं.

आता साउंडवाल्यांचं एक सांगतो. समोर चांगलं वाजलं तर श्रेय बँडला, वाईट वाजलं तर शिव्या आम्हाला. त्यामुळे आमच्या जातीत एक खुन्नस असते आणि ती काढायच्या ठरलेल्या पद्धती असतात. गाणाऱ्याच्या पायाशी त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून एक स्पीकर ठेवतात, त्याला इथे फोल्डबॅक म्हणतात. नवखा गायक सारखा हात वर करतो, "माझा आवाज थोडा वाढवा ना." अशा वेळी आम्ही डेस्कच्या टोकाचं एक बटण फिरवतो. त्या बटणाला काहीही जोडलेलं नसतं. मान गंभीरपणे हलवून विचारायचं, "आता?" गायक म्हणतो, "हां, आता मस्त." मग आम्ही एकमेकांकडे बघतो. वर्षानुवर्षं ही गंमत मला पुरली. घाबरलेली पोरं स्टेजवर उभी असायची, आणि आम्ही दोघं डेस्कमागे हसत असायचो.

दोघं म्हणजे मी आणि माझा जोडीदार, स्टेज बघणारा. इथलाच, बॅलरॅट गावाकडचा, लालबुंद मानेचा, फाटक्या तोंडाचा. त्याला मी आवडायला हवा होतो. एवढंच. त्यासाठी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण आता लाजेचा उपयोग नाही. इंडियन क्लबचा दिवाळीचा कार्यक्रम असला की मी त्यांची नक्कल करायचो. आपल्या पोरांचं "वन टू थ्री चेक, हॅलो, हॅलो" मी मान डुलवत करून दाखवायचो आणि हा पोट धरून हसायचा. म्हणायचा, "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस, मेट." मला ते शाबासकीसारखं वाटायचं. आपली पोरं मराठीत काही बोलली तर मी इंग्रजीत उत्तर द्यायचो.

मग पॅन्डेमिक आलं. बार बंद झाला. स्टेजवर तांदळाच्या, डाळीच्या पिशव्यांची थप्पी लागली, कारण परदेशी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि युनियन त्यांना शिधा वाटत होती. ज्या पोरांची मी नक्कल केली ती मास्क लावून रांगेत उभी राहायची, आणि मी पिशव्या द्यायचो. त्यातली काही मला ओळखायची. "थँक्यू सर" म्हणायची. मला दया येत होती असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं की मी टेबलाच्या या बाजूला आहे.

पुढच्या वर्षी लॉकडाउन उठला आणि दुपारची गाणी परत सुरू झाली. खुर्च्या लांब लांब. उभं राहायचं नाही, नाचायचं नाही, दारात फोनने चेक-इन करायचं. आणि एक नवीन पद्धत युनियनने काढली, ती मात्र खरंच चांगली होती. गाणाऱ्या मुलांच्या घरचे लोक येऊ शकत नव्हते, सीमा बंद होत्या. म्हणून डेस्कजवळ स्टँडवर एक टॅब्लेट लावायचा, त्याचा मागचा कॅमेरा स्टेजकडे, आणि डेस्कमधून एक वायर थेट त्याच्यात. त्यावर घरच्यांशी व्हिडिओ कॉल. आम्ही त्याला घरच्यांचा टॅब्लेट म्हणायचो. गाणाऱ्याला त्याची पाठ दिसायची. पडदा माझ्याकडे असायचा. त्यामुळे चीनमधली आजी, व्हिएतनाममधले आईबाप, कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांतले चेहरे, ते सगळे फक्त मला दिसायचे. त्यांचा आवाज मी बंद ठेवायचो, नाहीतर स्पीकरमधून शिट्टी वाजली असती.

ती मुलगी कोल्हापूरची. अकाउंटिंगचं मास्टर्स करत होती. भारतात तेव्हा दुसरी लाट होती, आणि विमानं बंद. ती साउंड चेकला आली. सोबत पेटी, भाड्याची. फोनवर तंबोरा. माझं नाव कुठूनतरी तिला कळलं असावं, कारण सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काका, तुम्ही मराठी ना? बरं झालं बाई!"

काका. जोडीदार शेजारीच उभा होता. माझे केस तेव्हा मागे बांधलेले, अंगात कुठल्यातरी बँडचा टी-शर्ट, आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा.

"शेवटचं गाणं आहे ना, त्यात तंबोरा जरा जास्त लागेल मला," ती म्हणाली. "ते बाबांचं आहे. भूपाळी. बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते, पण सकाळी पेटी काढून बसल्याशिवाय कामावर जायचे नाहीत. मला त्यांनीच शिकवलंय. आत्ता घरीच आहेत, ऑक्सिजन लावलाय. बेड मिळाला नाही कुठे. इथली दुपार म्हणजे तिकडे सकाळच आहे, म्हणून म्हटलं भूपाळी म्हणावी. भाऊ फोन धरून बसेल त्यांच्याजवळ."

मी इंग्रजीत म्हटलं, "नो वरीज."

ती स्टेजवर गेली, दोन ओळी म्हणाली, थांबली. "काका, पायाशी माझा आवाज कमी करा, तंबोरा वाढवा."

मी टोकाचं बटण फिरवलं. "आता?"

तिने परत एक सूर लावला. मान तिरकी करून ऐकलं. "नाही काका. काहीच बदललं नाही. तुम्ही खरंच फिरवलंत का?"

जोडीदाराने विचारलं, काय म्हणते ती? मी काही सांगायच्या आत तिनेच स्टेजवरून माइकमध्ये, हसत, इंग्रजीत सांगितलं की अंकलनी काहीच फिरवलं नाहीये.

तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. "बस्टेड, अंकल!" एवढ्या वर्षांत त्या बटणावर कुणी पकडलं नव्हतं. दारात चेक-इन बघणाऱ्या पोरीला त्याने ओरडून सांगितलं, तीही हसली. "अंकल, कॉफी आणू का? अंकल, गुडघे कसे आहेत?" कार्यक्रम सुरू होईपर्यंत हेच. ती मुलगीही हसत होती, तिला वाटलं आपण सगळे मिळून गंमत करतोय. तिच्या मनात काही नव्हतं. मला ते तेव्हाही दिसत होतं. मी तंबोरा वाढवून दिला, आणि मनात म्हटलं, थांब.

टॅब्लेटवर कॉल लागला. जुन्या घरातली खोली, हिरवी भिंत, कॉट. कॉटवर वडील, उशांना टेकवून बसवलेले. नाकात नळी. दाढी वाढलेली, पण केस विंचरलेले, पाणी लावून, भांग पाडून. भावाने विंचरले असणार. अंगात इस्त्रीचा शर्ट. माणूस मुलीचं गाणं ऐकायला शर्ट घालून बसला होता. भाऊ तिच्याहून लहान, विशी-बाविशीचा, फोन समोर धरून कॉटच्या कडेला.

ती पहिलं गाणं म्हणाली. खोलीत जेमतेम वीसेक माणसं, पण सगळी गप्प झाली. त्या बारमध्ये मी शांतता फार कमी वेळा ऐकली आहे. मी टॅब्लेटचा आवाज नीट पाठवला होता. वडिलांची मान हलत होती.

माझं ठरलं होतं असं: दुसऱ्या गाण्यात तिच्या घरच्यांना जाणारा आवाज थोडा वेळ काढायचा. मग परत द्यायचा. घरून तिला कुणीतरी म्हणेल, मधे काही ऐकू आलं नाही. तिचा दिवस जरा खराब होईल. एवढंच. पहिलं गाणं संपलं, टाळ्या सुरू होत्या, तेव्हा मी टॅब्लेटचा फेडर तळाला नेऊन ठेवला. खोलीतल्या आवाजावर त्याचा काही परिणाम नाही. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तिने माइक जवळ घेतला आणि मराठीत बोलली. त्या खोलीत ते समजणारा मी एकटा होतो. ती म्हणाली, "बाबा, तुमचं शेवटी ठेवलं होतं, पण तुम्ही दमाल. आधीच म्हणते."

आणि भूपाळी सुरू केली.

मी फेडर वर करायला हवा होता. एक बोट लागतं. मी अनेकदा स्वतःला सांगून बघितलं की मी गोंधळलो, की मला समजायला वेळ लागला. तसं नाही. मला सगळं समजलं. मी पडद्याकडे बघत होतो. वडील पुढे झुकले. भावाने फोन हलवून बघितला, आवाज वाढवला असावा, मग पडद्यावर त्याचा चेहरा मोठा झाला, कानाकडे बोट, ओठ हलत होते: ताई, आवाज नाही. मला वाटलं, आता कळलं ना, कोण काय फिरवतं ते. अगदी हेच वाटलं. मला बरं वाटत होतं.

मग त्याने चॅटमध्ये लिहिलं: आवाज येत नाही.

मी टाइप केलं: इथून सगळं ओके आहे. तुमचं नेटवर्क बघा.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना यापेक्षा पटणारं वाक्य नाही. कॉल तुटला की तिकडचं नेटवर्क. चेहरा थिजला की तिकडचं नेटवर्क. इकडे कधी काही बिघडत नाही, आणि तिकडच्यांनाही ते मान्यच असतं. त्या पोराने एका क्षणात विश्वास ठेवला. वडिलांना काहीतरी म्हणाला, हात दाखवला, थांबा म्हणून, आणि फोन घेऊन पळाला. पडद्यावर दार, जिना, जिन्यातली सायकल, परत जिना, मग एकदम उजेड. गच्ची. तो फोन वर धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होता, रेंज शोधत. मागे पाण्याची टाकी दिसत होती, वाळत घातलेली चादर दिसत होती. खाली खोलीत वडील एकटे होते, आणि इकडे त्यांची मुलगी डोळे मिटून त्यांची भूपाळी म्हणत होती.

तेव्हा मला भीती वाटली. दया नव्हे, भीती. मी फेडर वर केला. शेवटची ओळ उरली होती. गच्चीवर आवाज पोचला, पोराचा चेहरा खुलला, तो उलटा खाली धावला. तो खोलीत पोचेपर्यंत इकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या. वडिलांनी टाळ्या ऐकल्या. भाऊ काहीतरी समजावत होता. वडिलांनी हात हलवला, असू दे अशा अर्थाने, आणि उशीवर डोकं टेकलं. तिसरं गाणं झालं तेव्हा ते झोपले होते.

ती धावत डेस्कपाशी आली. घाम, हसू, सगळं एकदम. "काका, बाबांचा चेहरा कसा होता? तुम्हाला दिसत होता ना?"

"मधे आवाज गेला होता वाटतं," मी म्हटलं. मराठीत. तिच्याशी माझं पहिलं मराठी वाक्य. "इथून सगळं ओके होतं. तिकडचं नेटवर्क असेल."

तिचं तोंड पडलं. "भूपाळीलाच?"

"तुझा भाऊ फोन घेऊन गच्चीवर गेला होता."

हेही मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

डेस्कवर प्रत्येक कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होतो. ती गेल्यावर मी ती फाइल पुसली. त्यात तिचा आवाज स्वच्छ होता, म्हणजे डेस्कपर्यंत तो नीट येत होता, आणि पुढे कुठे थांबला हे समजायला फार डोकं लागलं नसतं.

त्याच आठवड्यात तिचे वडील गेले. युनियनने सांत्वनाचं कार्ड आणलं. जोडीदार सही करताना म्हणाला, "निदान म्हाताऱ्याला पोरीचं गाणं तरी ऐकायला मिळालं, ना?" मी म्हटलं, "येस, मेट."

परत लॉकडाउन लागला. बायकोच्या कानावर आलं की एका मराठी मुलीचे वडील गेलेत आणि ती भाड्याच्या घरात एकटी आहे. बायकोने पिठलं, भात, मऊ पोळ्या असा डबा भरला. "सुतकात तिने कशाला चूल पेटवायची? तू दे नेऊन." आम्ही राहतो त्या ट्रुगानिना उपनगरातून मी गाडी काढली. मुलगी दारात आली, मास्क लावून. मी डबा पायरीवर ठेवून मागे सरकलो, तेव्हाच्या रीतीप्रमाणे.

"काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात." मग ती तिथेच पायरीवर बसली. "मी भावाशी बोलत नाहीये. त्याला म्हटलं, तुला एक काम दिलं होतं. एक. बाबांजवळ फोन धरून बसायचं. तू गच्चीवर काय पतंग उडवायला गेलास? तो म्हणतो, तिकडून मेसेज आला, नेटवर्क बघा म्हणून. म्हटलं, मग वायफाय बघायचं, बाबांना सोडून कसा गेलास? रडायला लागला. म्हटलं, आता रडू नकोस, तेव्हा अक्कल वापरायची होतीस." ती डब्याच्या झाकणावर नख घासत होती. "असं बोलायला नको होतं मी. पण मला तो समोर नकोय."

मी म्हटलं, "हं."

"काका, रेकॉर्डिंग असेल ना? निदान त्यांच्या फोटोसमोर लावलं असतं."

"नाही गं. त्या दिवशी चालू नव्हतं."

"असू दे. तुम्ही तरी काय करणार." आणि तिने मला हात जोडले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशी आहे? म्हटलं, ठीक आहे.

आता ती डार्विनला असते, एका सरकारी ऑफिसात. दिवाळीला मला मेसेज येतो. एकदा मेलबर्नला आली तेव्हा आमच्याकडे जेवली. बायकोने गायला लावलं. माझी मुलगी, जिला मराठीत उत्तर द्यायचा कंटाळा, तीही हॉलमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "शी इज सो गुड, डॅड." मी गाडीतून काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेलो. जेवताना बायकोने विचारलं, भावाचं लग्न झालं म्हणे? ती म्हणाली, "झालं. मी नव्हते गेले." मग कोशिंबीर मागितली.

तिच्या भावाला मी कधी भेटलो नाही. त्याला माझा चेहराही माहीत नाही. कॅमेरा स्टेजकडे होता. तो आज तिशीकडे आला असेल, आणि आपण मूर्खासारखे गच्चीवर पळालो म्हणून वडील गाणं न ऐकता गेले, असं त्याला वाटतं. त्याच्या बहिणीलाही तसंच वाटतं.

इथे कुणाचं नाव नाही, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. गाणं मी परत देऊ शकत नाही, ते पुसून टाकलंय. ऐकणारा माणूसही गेला. उरलं आहे ते दोन फोन: एक डार्विनला, एक कोल्हापूरला. तिला आणि तिच्या भावाला मी माझ्या तोंडाने सांगायचं आहे की त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आवाज मी बंद केला होता आणि त्याला पळायला मीच लावलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.